उन्हातच सांधणारी पन्नी आधी वावरासाठी करा

स्वतःची भेग स्वतः बुजवणाऱ्या प्लास्टिकची बातमी आली की पुढे मोबाइलचा पडदा आणि गाडीचा रंग ठरलेला. माझं म्हणणं असं, की याची पहिली गरज आमच्या वावरात आहे. विदर्भात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि आमचं सगळं प्लास्टिक त्याच उन्हात पडून असतं. ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर आणि सगळ्यात महाग म्हणजे शेततळ्याची पन्नी. मे महिन्यात पाणी उतरलं की काठावरची पन्नी उघडी पडते, कडक होते, घडीवर चिरते. झाडावर आंबिया बहाराची संत्री असताना तळं गळायला लागलं, तर वरूड-मोर्शीच्या शेतकऱ्यानं पाणी आणायचं कुठून?

उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून पन्नीच्या पॉलिथिनमधल्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. म्हणून पन्नीत काजळी मिसळतात. ती किरण अडवते, तुटलेलं जोडत नाही.

जोडता येतं, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. 2001 मध्ये इलिनॉय विद्यापीठात स्कॉट व्हाइट यांच्या गटानं प्लास्टिकमध्ये द्रवाच्या सूक्ष्म कुप्या पेरल्या. भेग पडली की कुपी फुटते, द्रव आत शिरून घट्ट होतो. पण तिथली कुपी एकदाच कामाला येते. मला जास्त भावलं ते फ्रान्सच्या लुडविक लायब्लर यांचं 2008 चं रबर. कापलेले ताजे तुकडे नुसते दाबून धरले की सांधतात, कारण त्यातले हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारे हलके दुवे, तुटले तरी पुन्हा जुळतात. आणि कच्चा माल काय, तर वनस्पती तेलातली आम्लं आणि युरिया! सरकीच्या मुलखात हे वाचून गप्प कसं बसायचं?

2009 मध्ये बिस्वजित घोष आणि मारेक अर्बन यांनी खेकडा-कोळंबीच्या कवचातून मिळणारं कायटोसान पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकमध्ये गुंफलं. त्यावरचा ओरखडा अतिनील प्रकाशात तासाभराच्या आत बुजला. म्हणजे जे किरण आमची पन्नी फाडतात, त्यांच्याकडूनच शिलाई करून घेता येते.

अडचण आहेच. सांधायला साखळ्या हलत्या लागतात, आणि असं प्लास्टिक मऊ पडतं. पाण्याच्या वजनानं ताणत जाईल. म्हणून अख्खी पन्नी बदलूच नका. आधी ठिगळ करा. चिरेवर लावायचं, उन्हात सोडायचं, उन्हानंच ते पक्कं बसलं पाहिजे. ते नीट जमलं की मग वरचा पातळ थर. दर मात्र शेतकऱ्याला परवडणारा हवा.

नागपुरात लक्ष्मीनारायण संस्था 1942 पासून रसायन तंत्रज्ञान शिकवते आहे. तिथल्या मुलामुलींनी हा विषय प्रोजेक्टला घ्यावा, नमुना एक अख्खा उन्हाळा खऱ्या तळ्यावर ठेवून बघावा. चिरलेली जुनी पन्नी लागली तर कळवा, आमच्या गावातून हवी तेवढी पाठवतो.