डुक्कर विकणे आहे

“डुक्कर तुमचंच ना?” असा प्रश्न फोनवरून विचारला गेल्यास सभ्य माणसाने काय उत्तर द्यावे, हे मला अजून सुचलेले नाही. जाहिरातीत मी ‘फियाट ११००, १९५६चे मॉडेल, मूळ इंजिन, १९७१ पासून एकाच कुटुंबाकडे, उत्तम निगा राखलेली’ असे प्रत्येक शब्द तोलून लिहिले होते. परंतु या मॉडेलला जुन्या गाड्यांच्या शौकिनांत डुक्करच म्हणतात. तिची गोल पाठ आणि मागे उतरत गेलेला भरदार पार्श्वभाग पाहून कोणीतरी ते नाव ठेवले आणि ते असे काही चिकटले की, इटलीतल्या तुरीनच्या कारखान्याने दिलेले ‘मिलेचेंतो’, म्हणजे साधे सरळ ‘अकराशे’, हे नाव आपल्याकडे कोणाच्या तोंडी राहिलेच नाही. वडील हयात होते तोवर तो शब्द आमच्या घरात उच्चारण्याची सोय नव्हती. त्यांच्या माघारी मात्र जाहिरात देऊन दोन दिवस होत नाहीत तोच माझ्या पत्नीने फोन माझ्या हाती देत निर्विकारपणे सांगितले, “डुकराचा आहे.”

त्या फोनवरचा तरुण रविवारी सकाळी गाडी पाहायला आला. तो नम्र होता, मला काका म्हणत होता, आणि त्याच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. माझी तक्रार त्याने सोबत आणलेल्या मामांविषयी आहे. “मामांना गाड्यांतलं कळतं,” असे त्याने सांगितले आणि मामांनी ते नाकारले नाही. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक टॉर्च आणि दोन पेने होती, आणि मागील बाजूने गाडीकडे पाहणारी त्यांची नजर लग्नाच्या बैठकीत मुलीच्या चष्म्याचा नंबर विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांची होती.

प्रारंभ दारापासून झाला. त्या काळच्या अकराशेची पुढची दारे मधल्या खांबावर, म्हणजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली आणि त्यामुळे आजच्या दारांच्या उलट उघडणारी आहेत. मामा सवयीच्या जागी उभे राहिले, त्यांनी मूठ फिरवली, आणि दार सरळ त्यांच्या पोटावर आले.

“दार उलटं बसवलंय,” मामा भाच्याला म्हणाले. “ठोकलेली गाडी आहे.”

१९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी जगापुढे आली तेव्हाही तिची दारे अशीच उघडत होती, हे मी शक्य तितक्या मृदू आवाजात सांगितले. “तुम्हाला गॅरेजवाल्यानं सांगितलं असेल,” असे म्हणून त्यांनी मला सहानुभूतीने पाहिले.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडे कालचे वर्तमानपत्र मागितले. मला वाटले, बहुधा त्यातील छोट्या जाहिरातींत ते दुसरी गाडी शोधणार असावेत, पण त्यांनी ते जमिनीवर पसरले, त्यावर उताणे झाले आणि टॉर्च पेटवून गाडीखाली सरकले. बराच वेळ त्यांचे फक्त पाय आणि पायांतले मोजे दिसत होते.

एवढ्या अवधीत आमच्या सोसायटीतले तिघे आणि रस्त्यावरून जाणारे दोघे गृहस्थ थांबले. साठी उलटलेला कोणताही पुरुष या गाडीपाशी थांबतो आणि एकच वाक्य म्हणतो, “आमच्याकडे होती हो.” मग तो बॉनेटवरून हात फिरवतो, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहणारे आपले काका, स्टिअरिंगच्या दांड्याला असलेला गिअर, पुढच्या सलग बाकावर दाटीवाटीने बसलेली भावंडे, आणि खंडाळ्याच्या घाटात रेडिएटर उकळला म्हणून बॉनेट उघडून खाल्लेला डबा, असे सारे एका दमात सांगतो आणि भाजी आणायला निघून जातो. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची उतरली, तेव्हा याच अकराशेच्या धाकट्या बहिणीसाठी सारे शहर हळहळले होते. हळहळायला पार्किंग लागत नाही. माझ्या गाडीला लागते. शिवाय दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते, ज्याचे शुल्क एप्रिल २०२२मध्ये सहाशे रुपयांवरून एकदम पाच हजारांवर गेले. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ सालापासून ‘व्हीए’ अक्षरांचा मानाचा नंबर मिळतो हे खरे, पण तो घेतला की गाडी प्रदर्शनाला किंवा रॅलीला न्यायची, रोज फिरवायची नाही. वडील ज्या गाडीतून मला शाळेत सोडत ती गाडी मी भाजी आणायला न्यायची नाही, हा तो मान.

तेवढ्यात गाडीखालून मामांचा आवाज आला. “चासी नाहीये.”

“काय?”

मामा वर्तमानपत्रासकट बाहेर आले. त्यांच्या पाठीला कालचा अग्रलेख चिकटला होता. “गाडीला चासीच नाहीये. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. नुसता पत्रा आहे.”

मी समजावू लागलो की, जीपला किंवा ट्रकला असते तशी वेगळी चासी, म्हणजे खालची भार पेलणारी चौकट, या गाडीला मुळातच नाही. तिचा तळ, बाजू आणि छत मिळून एकच सांगाडा होतो आणि तोच सगळा भार पेलतो, आणि त्या काळी हेच तिचे नवेपण होते. मामांनी शांतपणे हात पुढे केला. “आरसी बुक दाखवा.” मी दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बोट ठेवले. “चासी नंबर. इथे लिहिलाय. पुस्तकात चासी आहे आणि गाडीत नाही. मग चासी गेली कुठं, साहेब?”

आपल्या वडिलांच्या गाडीची चासी आपणच विकून खाल्ली असावी, असे मला त्या क्षणी प्रामाणिकपणे वाटले.

याहून अधिक काही घडणार नाही अशा समजुतीत मी असताना मामांनी पँटच्या खिशातून चुंबक काढले. हे काम मला ठाऊक होते आणि मी निर्धास्त होतो. गंजलेला पत्रा झाकायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तर तिथे चुंबक चिकटत नाही. माझ्या गाडीच्या पत्र्यात लांबी फक्त उजव्या मडगार्डवर, तळहाताएवढी आहे, आणि तीही जाहिरातीत लिहिली होती. पण रंगावर ओरखडा पडू नये म्हणून मामांनी आधी आपला रुमाल काढला, त्याची चौघडी केली, त्या चौघडीची पुन्हा एक घडी घातली, आणि त्यात चुंबक गुंडाळून ते दारावर टेकवले. रुमाल घसरून खाली आला.

“लांबी,” मामा म्हणाले.

दुसरे दार. “लांबी.” बॉनेट. “लांबी.” छतावर ठेवलेले चुंबक छत गोल असल्याने मागच्या काचेवरून घरंगळत डिकीपर्यंत आले, आणि वाटेतल्या साऱ्या प्रदेशाची मामांनी लांबी म्हणून नोंद केली. मी रुमाल सोडण्याची विनंती केली, तर ते म्हणाले, “ओरखडा पडला तर तुम्हीच बोलाल.” तेव्हा मी अंगातले सगळे सौजन्य गोळा करून त्यांना सोसायटीच्या लोखंडी गेटपाशी नेले आणि तेच चुंबक, त्याच रुमालात, गेटला लावून पाहण्यास सांगितले. त्यांनी लावले. रुमाल खाली पडला. मामांनी तो उचलला, झटकला, गेटकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि भाच्याला म्हणाले, “बघ, गेटलासुद्धा लांबी भरलीय. सोसायटीच तसली आहे.”

भाचा हसला नाही, हे मला अजून खुपते.

इंजिन मात्र पहिल्या चावीत सुरू झाले. त्या १०८९ सीसीच्या चार सिलिंडरांचा संथ, घरगुती आवाज ऐकून तरुणाचा चेहरा उजळला आणि मला क्षणभर आशा वाटली. मामा ऊन लागल्याने रुमालाने मान पुसत होते. “वजन किती हो हिचं?” त्यांनी विचारले. सव्वाआठशे किलोच्या आसपास, असे मी भाबडेपणाने सांगितले. मामांनी पेन काढून तळहातावर गुणाकार केला. तो लोखंडाच्या भंगाराच्या भावाने होता. वीस मिनिटांपूर्वी ज्या गाडीत लोखंडाचा कण नव्हता, ती आता नखशिखान्त लोखंडाची झाली होती. मी तसे बोलून दाखवले.

“बरोबर आहे तुमचं,” मामा म्हणाले आणि तळहातावरचा आकडा खोडू लागले. “लांबीचं वजन वजा करायचं राहिलं.”

ते गेल्यावर मी फडक्याने गाडी पुसायला घेतली, तेव्हा बॉनेटवर चुंबक दिसले. मान पुसण्यासाठी रुमाल मोकळा करताना मामांनी ते तिथे ठेवले होते आणि ते असे घट्ट बसले होते की काढताना नख मोडले आणि रंगावर बोटभर ओरखडा उमटला. संध्याकाळी मामांचा फोन आला. गाडीचे काय ते भाचा कळवील म्हणाले, पण चुंबक कधी न्यायला येऊ, ते विचारत होते. चुंबक सध्या आमच्या फ्रिजवर आहे, नूतनीकरणाची पावती धरून. सोडत नाही.