कुरईच्या चढावर गरम झालेल्या दहा चाकी ट्रकबद्दल आमचं उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुम्ही रिव्ह्यूत आम्हाला एक तारा दिला. लिहिलं की आमच्याकडून घेतलेली दहा चाकी नवतपात सळाख भरून जबलपूरला निघाली, सिवनीच्या आधी कुरईच्या चढावर टेम्परेचरचा काटा लालमध्ये गेला, गाडीने पाणी फेकलं. तिथल्या मिस्त्रीने ‘रेडिएटर गेला’ म्हणून सांगितलं, थर्मोस्टॅट (पाण्याचा रस्ता उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) काढून दिला, तरी सिवनीच्या अलीकडे सपाट रोडवर गाडी परत गरम. शेवटी ‘वाडीच्या या लोकांकडून जुनी गाडी घेऊ नका, रंग मारून भंगार विकतात.’ रंगाचं सोडा. बाकीच्याचं उत्तर देतो. लांब आहे, पण जुनी गाडी घ्यायला निघालेले दुसरे लोकही हे वाचतील.

तुम्ही मधेच एक वाक्य लिहून गेलात, की त्याआधी दीड महिना गाडी ठीक चालली आणि भंडाऱ्याच्या राइस मिलचा कोंडा भरत होती. पूर्ण रिव्ह्यूत माझ्या कामाचं वाक्य तेच आहे.

गाडी हीट घेते एवढं ऐकून कोणता पार्ट गेला हे कोणीच सांगू शकत नाही, मग तो मिस्त्री असो की मी. कधी हीट घेते ते विचारावं लागतं. सपाट रोडवर, चांगल्या स्पीडला, लोडमध्ये काटा हळूहळू चढत असेल तर पाण्याचं फिरणं पाहायचं. रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या असतील, वॉटर पंपाची पाती झिजली असतील, किंवा खालचा होज (रबरी पाइप) नरम पडून पंपाच्या ओढीने चिपकत असेल. सपाटीवर काटा जागेवर आणि चढावर खालच्या गिअरमध्ये लाल, तर बहुतेक वेळा पाणी बरोबर असतं, हवा कमी पडते. चढावर गाडी रांगते, समोरचा वारा मिळत नाही, सगळा भार फॅनवर. बेल्ट ढिला, फॅनचा व्हिस्कस क्लच (गरमीनुसार फॅनचा वेग वाढवणारा) कमजोर किंवा रेडिएटरची जाळी बुजलेली असली की ते तिथेच उघडं पडतं. सकाळी थंड इंजिन चालू केलं आणि पाणी तापायच्या आधीच वरचा होज टणक झाला, तर मात्र सिलिंडरमधलं कंप्रेशन पाण्यात येतंय, म्हणजे हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं. पाणी रोज कमी होतं पण जमिनीवर थेंब नाही, अशा वेळी नव्या गाड्यांमध्ये ईजीआर कूलरही (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा पार्ट) तपासावा लागतो.

आता तुमचा किस्सा. दीड महिना ठीक, पहिल्यांदा गरम झाली ती चढावर. हे हवेचं लक्षण आहे. कोंड्याचा भुसा समोरच्या जाळीवर दिसत नाही, तो इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारी पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत जाऊन बसतो. समोरून पाहिलं तर जाळी चकाचक, आत नमदा. ही गाडी आमच्याकडे आली तेव्हा कोराडीच्या राखेच्या कामावरून आली होती. तुमच्या सहीच्या जॉब कार्डावर तसं लिहिलंय. म्हणूनच आम्ही इंटरकूलर मोकळा करून दोन्ही जाळ्या धुतल्या, फोटो तुमच्या मोबाइलवर आहेत. गाडी नेताना सांगितलं होतं की कोंडा, राख, कोळसा असलं काम असेल तर दर आठवड्याला इंजिनच्या बाजूने बाहेर हवा मारा. बाहेरून आत नाही, त्याने कचरा आणखी घट्ट बसतो. वॉशिंग सेंटरवाला जोराच्या प्रेशरचं नोझल जाळीला टेकवत असेल तर त्याला थांबवा, पाती वाकली की हवा कायमची अडते.

थर्मोस्टॅटचं मात्र मला खरंच वाईट वाटलं. आपल्याकडे उन्हाळा लागला की अर्ध्या हायवेवर हाच इलाज चालतो, ‘काढून टाका, गाडी थंड राहील.’ ट्रकच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. पाणी साधारण ८० ते ८५ डिग्रीला पोचलं की रेडिएटरचा रस्ता उघडतो, आणि त्याच वेळी बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा. गरम पाण्याचा मोठा वाटा रेडिएटरला न भेटताच परत इंजिनमध्ये. म्हणून सिवनीच्या अलीकडे सपाटीवरसुद्धा गाडी गरम झाली, जी आधी सपाटीवर कधीच झाली नव्हती. चढावर घाईत पाणी भरलं असेल तर एअर लॉक (पाण्यात अडकलेली हवा) वेगळा, आणि सेन्सर हवेत राहिला तर काटाही खोटं बोलतो. हिवाळ्यात हेच इंजिन उलट थंड राहून डिझेल जास्त पितं. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात टाकून पाणी तापवा, थर्मामीटर लावा, उघडतो की नाही ते डोळ्यांनी दिसतं.

पाण्याबद्दल. तुमच्या ड्रायव्हरने ढाब्याच्या बोअरचं पाणी भरलं असं तुम्हीच लिहिलं. आपल्या घरच्या कूलरच्या टाकीत दोन महिन्यांत जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळीत बसतो, फरक एवढाच की तिथे खरडायला हात जात नाही. शिवाय बऱ्याच मोठ्या डिझेल इंजिनांत लाइनर (पिस्टन ज्यात चालतो ती नळकांडी) थेट पाण्यात बसलेले असतात. साध्या पाण्यावर वर्षानुवर्षं चालवलं तर लाइनरला बाहेरून बारीक छिद्रं पडत जातात आणि एक दिवस पाणी ऑइलमध्ये उतरतं. कूलंट फक्त थंडीसाठी असतं हा नागपुरातला मोठा गैरसमज आहे. तुम्हाला गाडी दिली तेव्हा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं होतं.

आणि रेडिएटरची टोपी. पाणी १०० डिग्रीला उकळतं, पण टोपीने १ बारचा दाब धरला तर १२० पर्यंत उकळत नाही, कूलंट असेल तर आणखी वर जातं. टोपीचं रबर फाटलं की तेच पाणी चढावर उसळून बाहेर पडतं आणि नाव रेडिएटरचं होतं. टोपी बदलताना जुनीवर छापलेला दाबाचा आकडा पाहूनच नवी घ्या.

एक गोष्ट नाइलाजाने लिहून राहिलो, कारण तुम्ही स्वतःच ‘फक्त २० टन माल’ असं लिहिलं. तुमच्या आरसीवर ग्रॉस, म्हणजे गाडी आणि माल मिळून, २५ टन आहे. २०१८ च्या नियमाने दहा चाकीचे २८.५ झाले, पण तुमची गाडी त्याआधीची आहे, आरसीत २५ च आहे. रिकामी गाडी ९ टनांच्या आसपास. हिशोब तुम्हीच करा, आणि मग ४५ डिग्रीच्या उन्हात घाट धरा.

चढावर काटा लालकडे गेला तर काय करायचं, हे तुमच्या ड्रायव्हरला नक्की सांगा. बाजूला घ्या, पाणी बाहेर जात नसेल आणि बेल्ट शाबूत असेल तर इंजिन लगेच बंद करू नका, चार-पाच मिनिटं आयडलवर ठेवा. होज फुटला, बेल्ट तुटला किंवा पाणीच संपलं तर ताबडतोब बंद. गरम असताना टोपी उघडायची नाही. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचं तर अजिबात नाही, हेडला क्रॅक जातो आणि मग खर्चाला तळ नसतो.

पैसे परत करण्याबद्दल तुम्ही विचारलं. ते होणार नाही. बेल्ट, होज, टोपी, जाळी बुजणं आमच्या वॉरंटीत नाही, आणि इंजिनचे १५ दिवस उलटून गेले. हे होऊ शकतं: गाडी आणा, प्रेशर टेस्ट आणि गॅसकेटची तपासणी तुमच्यासमोर करू, त्याचे पैसे घेणार नाही. दोनदा लालमध्ये गेलेल्या इंजिनचं गॅसकेट शाबूत असेलच असं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हेड उघडावं लागलं आणि त्यात जुनी वेल्डिंग किंवा गंज धरलेला जुना क्रॅक निघाला, तर तो आमच्याकडून गेलेला दोष, काम आमच्या खर्चाने. ताजा क्रॅक किंवा जळालेलं गॅसकेट निघालं तर सामान तुमचं, मजुरी निम्मी घेऊ. पाहिजे तर तुमचा मिस्त्री सोबत आणा, त्याच्या हातानेच उघडू.

येताना गाडी आदल्या संध्याकाळी आणून उभी करा, सकाळी इंजिन पूर्ण थंड पाहिजे, नाहीतर होजची तपासणी होत नाही. वाटेत पाणी भरून लेव्हल वाढवू नका. मिस्त्रीने काढलेला थर्मोस्टॅट फेकला नसेल तर तोही आणा. बुधवारी वर्कशॉप बंद असतं.