दुप्पट वॅटचा नियम मिरवणुकीत ठेवा

‘जुन्या भारी स्पीकरला त्याच्या दुप्पट वॅटचा अॅम्प लावा. छोटा अॅम्प ट्विटर जाळतो. आणि पंधरा ओहमचा स्पीकर आजच्या अॅम्पला लावलात तर अॅम्पच जाईल.’ सोलापुरात कुणी जुने स्पीकर घेतले की हा सल्ला त्याच्या मोबाइलवर येतोच. (अॅम्प म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अॅम्प्लिफायर, ट्विटर म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा मोजायचं एकक.)

दुप्पट वॅटचा नियम मुळात डीजेवाल्यांचा. मिरवणुकीत उघड्या रस्त्यावर तासन्‌तास वाजवायचं, ठोक्याला आवाज फाटू द्यायचा नाही, म्हणून अॅम्प मोठा घेतात. तिथे ते बरोबरच आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत वॅटपेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (एका वॅटला तो किती मोठा वाजतो) आधी बघावी लागते. क्लिप्शहॉर्न हा भोंग्याचा मोठा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर सुमारे १०४ डेसिबल देतो, बीबीसीचा छोटा एलएस३/५ए सुमारे ८२. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट लागतात, म्हणजे दोघांत दीडशे पटींचा फरक. या दोघांना एकच नियम कसा लावणार?

क्वाड कंपनीचा १९५७चा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर घ्या; त्यात विजेचा भार दिलेला पातळ पडदा हलून आवाज काढतो. त्याच्यासोबत कंपनीचाच व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अॅम्प चालायचा, १५ वॅटचा. या स्पीकरची सहनशक्ती वॅटमध्ये नाही, व्होल्टेजमध्ये मोजतात: शिखराला साधारण ३३ व्होल्ट. आठ ओहमला १०० वॅट देणारा अॅम्प ४० व्होल्टपर्यंत जातो. मग आत ठिणगी पडते आणि पातळ पडद्याला भोक. एवढं झाल्यावर सल्ला पाठवणारा पडद्याचा नवा पॅनल आणून देत नाही.

छोटा अॅम्प ट्विटर जाळतो, यात अर्धं खरं आहे. आवाज फाटत असतानाही नॉब पुढेच रेटला, तर ठोक्यांची टोकं छाटली जातात, वरचे सूर मात्र वाढतच राहतात आणि ट्विटरवरचा भार वाढतो. जाळतं ते हे रेटणं. पंधरा वॅटचा अॅम्प बेताने वाजवला तर काही होत नाही. उलट रेटणाऱ्याच्या हाती दोनशे वॅट दिले, तर वूफरही (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) जाईल.

पंधरा ओहमची भीती तर साफ उलटी. ओहम जास्त म्हणजे करंट कमी; ट्रान्झिस्टर अॅम्प आठ ओहमला देतो त्याच्या जेमतेम निम्मे वॅट मिळतील, एवढंच. व्हॉल्व्हचा असेल तर सोळा ओहमच्या टॅपला (अॅम्पच्या मागच्या जोडणीला) जोडा. जपायचं ते चार ओहमवाल्यांना. एआर-३ए या चार ओहमच्या जुन्या स्पीकरच्या दोन जोड्या एकाच अॅम्पला समांतर लावल्या की दोन ओहम झाले; करंट वाढतो आणि अॅम्प तापतो. सोलापूरच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीपार असते, तेव्हा अॅम्पचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) गार कसा व्हायचा?

आणि याच एआर-३एचा आवाज दबका आला की लगेच निदान होतं, ‘अॅम्प कमी पडतोय’. त्याच्या पाठीमागचे लेव्हल कंट्रोल (सूर कमी-जास्त करायचे नॉब) गंजतात, वूफरच्या कडेचा फोम कुजतो. अॅम्प बदलायच्या आधी ते कंट्रोल दोन-चारदा फिरवा आणि जाळी काढून फोमला बोट लावून बघा.