‘वेड्यांना डॉक्टर, जिद्दीच्या माणसाला कोच’: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

मोबाइलवर सतत पुढे पाठवला जाणारा एक मजकूर आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. मनोविकारतज्ज्ञ वेड्यांसाठी असतो आणि तो आयुष्यभराच्या गोळ्या मागे लावतो. समुपदेशक नुसते ऐकून घेतो, तेवढे तर मित्रही करतो. पदव्या आणि नोंदण्या हे कागद आहेत, माणूस अनुभवी हवा आणि आपल्याशी जुळणारा हवा. म्हणून ज्याला स्वतःत खरोखर बदल घडवायचा आहे त्याने लाइफ कोच, म्हणजे ध्येय ठरवून तिथवर नेणारा मार्गदर्शक, गाठावा आणि नवी सवय लागण्यासाठी २१ दिवस नेटाने काढावेत. शिवाय कोचकडे जातो हे चारचौघांत सांगता येते.

या मजकुरातले प्रत्येक विधान सर्वस्वी खोटे नाही आणि म्हणूनच तो पटतो. त्याचा मूळ दोष असा की तो अडचणींची वर्गवारी करण्याऐवजी माणसांची प्रतवारी लावतो. दुबळे एका दारी, खंबीर दुसऱ्या दारी. प्रत्यक्षात एकच खंबीर माणूस आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर या सगळ्या दारांशी जाऊ शकतो, कारण दार ठरते ते त्या वेळच्या अडचणीवरून.

पहिला मुद्दा डॉक्टरांचा. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी किंवा तत्सम पदव्युत्तर शिक्षण घेतलेला वैद्यकीय डॉक्टर असतो. आपली वर्तमानपत्रे ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा एकच शब्द त्याच्यासाठीही वापरतात आणि मानसशास्त्रज्ञासाठीही, म्हणजे गोळ्या न देता संवादातून उपचार करणाऱ्या तज्ज्ञासाठीही, तेव्हा वाचकाचा गोंधळ झाला तर दोष त्याचा नव्हे. डॉक्टर असण्याचा उपयोग गोळ्या लिहिण्यापुरता नसतो. सकाळी उठवत नाही, कशात मन लागत नाही, कामे साचत चालली आहेत अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला तो कदाचित आधी थायरॉइडची रक्ततपासणी करायला सांगेल, कारण थायरॉइडचे कार्य मंदावले तर चित्र नैराश्यासारखेच दिसू शकते. हीच तक्रार शिस्तीचा अभाव म्हणून हाताळली गेली, तर पहाटे पाचचा गजर लावूनही फरक पडत नाही आणि माणूस स्वतःलाच आळशी ठरवून मोकळा होतो.

आयुष्यभराच्या गोळ्यांविषयीची भीती मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. झोपेसाठी किंवा चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांची सवय लागते, हे खरे आहे. बायपोलरसारख्या (मन कधी अतिउत्साही तर कधी अतिउदास होण्याच्या) आजारात औषध दीर्घकाळ घ्यावे लागते, हेही खरे. पण नैराश्याचा पहिलाच झटका असेल तर बरे वाटू लागल्यावर साधारणपणे आणखी काही महिने औषध चालू ठेवून मग ते हळूहळू कमी केले जाते. ‘किती दिवस घ्यावे लागेल आणि बंद कसे करायचे’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. मनानेच गोळ्या एकदम बंद करणे हा त्या भीतीवरचा उपाय नव्हे, कारण त्याने चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असे त्रास होऊ शकतात.

या मुद्द्यावर दारूचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ‘बदल म्हणजे निर्धार’ ही समजूत तिथे जिवावर बेतू शकते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एका रात्री शपथ घेऊन दारू पूर्ण थांबवली, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत त्याला हात थरथरण्यापासून आकडीपर्यंत काहीही होऊ शकते. काहींना भास होतात, दिवस-रात्रीचे भान सुटते, आणि ही अवस्था उपचारांविना प्राणघातक ठरू शकते. त्याचा निर्धार कमी पडलेला नसतो. दारूला सरावलेली मज्जासंस्था तिच्या अचानक अभावाला तशी प्रतिक्रिया देते. म्हणून दारू सोडण्याची पहिली पायरी वैद्यकीय देखरेखीची असते आणि समुपदेशन, गट, कुटुंबाचा सहभाग हे सारे त्यानंतर येते. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हापासून व्यसनमुक्तीचे असे अनेक पदरी काम महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर आहे. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेही नव्याने आलेल्यांच्या मदतीला उभी राहतात. अनुभवाचे मोल तिथे कोणी नाकारत नाही, पण अनुभव डॉक्टरच्या जोडीला बसतो, त्याच्या जागी नव्हे.

दुसरा मुद्दा समुपदेशकाचा. आपल्या शब्दातच ‘उपदेश’ दडून बसला आहे, ही त्या व्यवसायाची थोडी थट्टाच म्हणायची, कारण चांगला समुपदेशक जे टाळतो ते नेमके तेच. पण तो नुसते ऐकतो हेही खरे नाही. हात पुन्हा पुन्हा धुणाऱ्या, कुलूप दहा वेळा ओढून पाहणाऱ्या माणसाचे उदाहरण घ्या. मित्र मायेने म्हणतो, ‘अरे, लावलेय कुलूप, मी पाहिले ना!’ घटकाभर बरे वाटते आणि शंका परत येते, कारण धीर मागणे हाच मंत्रचळ (ओसीडी) या आजाराच्या चक्रातला एक आरा होऊन बसतो. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ इथे उलट दिशेने जातो. जी गोष्ट भीतीदायक वाटते तिला पायरीपायरीने सामोरे जायचे आणि तपासण्याची, धुण्याची कृती मात्र करायची नाही, असा सराव तो आखून देतो. हे मित्राला सुचत नाही, आणि सुचले तरी प्रेमापोटी जमत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धतीही ऐकण्यावर थांबत नाही. ती माणसाच्या ‘असे झालेच पाहिजे’ या हट्टाला प्रश्न विचारते आणि घरी करायचा अभ्यास देते.

आता कागदांविषयी. भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची, म्हणजे बोलीभाषेतल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. या परिषदेच्या १९९२ च्या कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीविना हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंतची कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंतचा दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते. (एक हजार रुपये! मोठ्या शहरात एका सत्राचे शुल्क याहून अधिक असते.) मनोविकारतज्ज्ञाची नोंद वैद्यकीय परिषदेकडे असते. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आणि तक्रारीची वाटही दाखवली. लाइफ कोच या नावाला असे कोणतेही कवच नाही. उद्या सकाळी कोणीही ती पाटी लावू शकतो. १९९५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रे आहेत आणि ती नसण्यापेक्षा असणे बरे, पण ती ऐच्छिक आहेत. पहिल्या पातळीसाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो. आजार ओळखणे हा त्या शिक्षणाचा हेतूच नाही, आणि फेडरेशनही तसा दावा करत नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. ‘समुपदेशक’ ही पाटीसुद्धा आपल्याकडे फार काळ मोकाटच राहिली आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने वर्तनविषयक आरोग्यसेवेतल्या मंडळींना नोंदणीच्या कक्षेत आणले खरे, पण कायदा होणे आणि दवाखान्याच्या दारावरची पाटी तपासली जाणे यांत अंतर असते. तेव्हा समुपदेशकालाही शिक्षण कुठे झाले, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण कोणाच्या देखरेखीखाली घेतले, हे विचारलेच पाहिजे. चांगल्याला त्याचा राग येत नाही. ‘माणूस जुळला पाहिजे’ यातही तथ्य आहे. उपचारक आणि रुग्ण यांच्यातले नाते आणि उपचाराचे फलित यांचा संबंध तपासणाऱ्या २९५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो संबंध ठाम असल्याचे त्यात दिसले. पण त्याचे प्रमाण असे की फलितातील फरकांपैकी साधारण आठ टक्केच त्या नात्याशी जोडता येतात. सूर जुळणे आवश्यक आहे, पण तेवढ्यावर भागत नाही.

२१ दिवसांचा मुद्दा लवकर संपतो. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिले होते की रुग्णाला आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळाले, चेहराही गळाला, आणि उरला तो फक्त आकडा. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात साधी रोजची सवय अंगवळणी पडायला लागणारा मध्यम काळ ६६ दिवस निघाला. तोही कोणाला १८ तर कोणाला २५४ असा पसरलेला. म्हणजे बाविसाव्या दिवशी जो स्वतःला नापास ठरवतो, तो बहुधा अजून निम्म्या वाटेवरही आलेला नसतो.

मग कोच कशासाठी? झोप, भूक, काम आणि नाती जागेवर आहेत आणि पुढचे पाऊल टाकायचे आहे, अशा माणसासाठी. उत्तम अभियंत्याला अचानक वीस जणांचा गट सांभाळायला दिला आहे, कोणाला निवृत्तीनंतरच्या दिवसांची आखणी करायची आहे, कोणाला सभेत बोलायचा सराव हवा आहे. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे त्याचा आणि आपला, दोघांचा वेळ घालवणे. याउलट दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास आहे, झोप उडाली आहे, जगावेसे वाटत नाही असे विचार येत आहेत, किंवा जुना आघात डोळ्यांपुढून हलत नाही, अशा वेळी कोच हा चुकीचा पत्ता आहे, मग तो कितीही भला असो.

राहिला चारचौघांत सांगता येण्याचा मुद्दा, आणि मजकुरातले सर्वांत खरे विधान हेच आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात (ते बारा राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता) निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर आढळले. याला तज्ज्ञांची टंचाई जशी कारणीभूत आहे तशी लाजही. जिल्ह्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञाच्या जिन्यावर ओळखीचे कोणी भेटेल या धास्तीने माणसे तालुके ओलांडून जातात. अशांसाठी १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी सल्लासेवेचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते, आणि जिना चढावा लागत नाही. तरीही कोणाला पहिले पाऊल कोचच्याच दारात टाकणे सोपे वाटत असेल, तर त्याने तसे जरूर करावे. फक्त पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारावा: ‘तुमच्याकडे आलेल्या कोणाला तुम्ही डॉक्टरकडे पाठवले आहे का, आणि ते कशावरून ठरवले?’