घोळणा फुटणारं घर आणि गर्भारपण: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

एचएचटी म्हणजे हेरेडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया, रक्तवाहिन्या सदोष बनण्याचा आनुवंशिक आजार. त्या आजारातल्या गर्भारपणावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही चिडून लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: आई, मावशी आणि तुम्ही, तिघींचाही घोळणा लहानपणापासून फुटतो, ओठांवर लाल ठिपके आहेत, तरी तिघींची बाळंतपणं सुखरूप झाली. मुलीलाही तोच त्रास आहे, तिला आता पाचवा महिना लागलाय. अशा वेळी फुप्फुसं तपासा म्हणून मी धास्ती का घालते, आणि पोटात बाळ असताना सीटी स्कॅनचं नाव तरी कसं काढते?

तुमची बाळंतपणं सुखरूप झाली यात नवल नाही. एचएचटी असलेल्या बहुतेक बायकांची तशीच होतात, आणि दिवस राहू देऊ नका असं मी कुणालाही सांगणार नाही. माझी काळजी उरलेल्या थोड्याजणींची आहे. लंडनच्या डॉ. क्लेअर शॉव्हलिन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली अशा ४८४ गर्भारपणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात साधारण शंभरात एक आई दगावली होती. महाराष्ट्रात २०१८-२० मध्ये मातामृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं. दोन्ही आकडे वेगळ्या देशांतले आणि वेगळ्या पद्धतीने काढलेले, त्यामुळे काटेकोर तुलना होणार नाही. पण फरक केवढा आहे ते दिसतं. त्या अभ्यासातली एक नोंद मला फार अस्वस्थ करते: दगावलेल्या सगळ्याजणी तोवर ठणठणीत समजल्या जात होत्या. जीवघेणा प्रसंग आला तेव्हा ज्यांचा आजार आधीच माहीत होता, त्यांचं वाचण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणून ‘काही त्रास नाही’ एवढ्यावर मला थांबता येत नाही.

धोका नाकात नसतो, फुप्फुसात असतो. तिथे रोहिणी आणि नीला यांच्यामध्ये केशवाहिन्यांचं बारीक जाळं असतं. रक्त त्यातून जाताना प्राणवायू घेतं आणि बारीक गुठळ्या तिथेच अडकतात. एचएचटीत काहीजणींच्या फुप्फुसात हे जाळं मध्येमध्ये नसतंच. रोहिणी सरळ नीलेला जोडलेली असते आणि जोडाशी पातळ भिंतीची पिशवी तयार होते. गर्भारपणात हृदय ४० ते ५० टक्के जास्त रक्त ढकलतं, त्यात ही पिशवी मोठी होऊ शकते, क्वचित फुटते. गाळणी चुकवून गेलेली गुठळी मेंदूत पोचली तर पक्षाघात होतो, जंतू पोचले तर मेंदूत गळू होतं. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन चांगला दिसला तरी पिशवी नाहीच असं म्हणता येत नाही.

आणि इथे घरातला अनुभव कामाला येत नाही. जनुकातला दोष तोच असला तरी आईच्या फुप्फुसात काहीच नसेल आणि मुलीच्या असेल, असं या आजारात होतं.

सीटीबद्दल तुम्हाला वाटलेली भीती कुठल्याही आईला वाटेल. मुलीला दम किंवा खोकल्यातून रक्त असं काही नसेल, तर सुरुवात बबल इकोने करता येते. घुसळलेलं सलाइन हाताच्या शिरेतून देतात आणि त्याचे बुडबुडे हृदयाच्या डाव्या बाजूला पोचतात का ते सोनोग्राफीसारख्याच यंत्रावर बघतात. किरणोत्सर्ग अजिबात नाही. बुडबुडे पोचले, किंवा इकोची सोय नसली, तर छातीचा कमी मात्रेचा, कॉन्ट्रास्टशिवायचा (शिरेतून रंगद्रव्य न देता केलेला) सीटी. त्यात बाळापर्यंत पोचणारा किरणांचा डोस एक मिलिग्रेच्याही (मिलिग्रे हे किरणांचं माप) आत असतो. काळजीची पातळी ५० मिलिग्रेच्या पुढची. उपचाराची गरज निघाली तर मांडीच्या शिरेतून नळी नेऊन ती रोहिणी कॉइलने (धातूच्या बारीक स्प्रिंगने) बंद करतात, आणि हे दुसऱ्या तिमाहीपासून करता येतं. पाचवा महिना म्हणजे वेळ हातात आहे.

तालुक्याच्या ठिकाणी यातलं काहीच होणार नसेल, तर पिशवी आहे असंच धरून चालायचं. बाळंतपण मोठ्या रुग्णालयात, त्या वेळी प्रतिजैविक, आणि सलाइनच्या नळीत हवेचा बुडबुडा जाऊ द्यायचा नाही. फक्त एचएचटी आहे म्हणून सिझेरियन लागत नाही, कळा सोसवेनात तर एपिड्यूरलही (पाठीच्या कण्यात देतात ते वेदना कमी करणारं इंजेक्शन) नाकारायचं कारण नाही. हिमोग्लोबिन मात्र आत्ताच बघा. घोळण्यातून वर्षानुवर्षं लोह जातं, आणि दोष तिच्या जेवणाला दिला जातो.

एचएचटी हे नाव तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या. खोकल्यातून चमचाभर जरी रक्त आलं, किंवा एकाएकी दम लागला, छातीत दुखलं, तर सकाळची वाट बघू नका. थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि दारातच सांगा की हिला एचएचटी आहे, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या बघा.