फाउंडेशन, असिमोव्ह गेल्यानंतरचं

यंदाही मंडईला, म्हणजे आमच्या गावच्या जत्रेला, दादा आला आणि यंदाही आमचं भांडण झालं. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, नागभीडकडे धान लावतो, आणि आमच्या अख्ख्या नातलगांत विज्ञानकथा वाचणारे आम्ही दोघंच. विषय दरवर्षीचाच, की आयझॅक असिमोव्ह या लेखकाची फाउंडेशन मालिका, तो गेल्यानंतर दुसऱ्यांनी लिहिलेली, वाचायची की नाही. दादा म्हणतो हात लावायचा नाही. मी म्हणतो वाचायचं आणि मग बोलायचं. रात्री गावात नाटक सुरू होतं, सगळे तिकडे गेले आणि आम्ही दोघं सपरीत बसून याच्यावरच बोलून राहिलो, दोन वाजेपर्यंत.

आधी हे सांगतो की ही पुस्तकं आमच्याकडे आली कशी. दादा नागपूरला पॉलिटेक्निकला होता तेव्हा त्यानं बर्डीवर फूटपाथवरून पहिले तीन भाग घेतले होते, जुने, पानं पिवळी पडलेले. इंग्रजी त्याला फार येत नव्हतं, म्हणून त्यानं प्रत्येक अडलेल्या शब्दावर बारीक पेन्सिलनं मराठी अर्थ लिहिला. पहिल्या भागाची सुरुवातीची पानं पेन्सिलनं करडी झालेली आहेत, मग अर्थ कमी कमी होत जातात, आणि तिसऱ्या भागात तर पाच-सात पानांत एखादा शब्द. त्याच्यानंतर मी वाचलं, त्याच प्रती, त्याचेच अर्थ पाहत पाहत. माझं इंग्रजी वाचन असंच सुरू झालं. त्यामुळे या पुस्तकांबद्दल कोणी उगाच काही बोललं तर मलाही लागतं, आणि दादाला का लागतं तेही मला समजतं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४२ पासून असिमोव्हनं या कथा मासिकात लिहिल्या, १९५१, ५२ आणि ५३ ला तीन पुस्तकं झाली. आकाशगंगेचं साम्राज्य कोसळणार हे हॅरी सेल्डन नावाचा गणिती आधीच हिशोब करून सांगतो. पुढं तीस हजार वर्षं अंधार राहणार आहे, तो एक हजार वर्षांवर आणायचा म्हणून तो एक योजना आखतो, ती चालवायला फाउंडेशन नावाच्या दोन संस्था उभ्या करतो आणि मरून जातो, मग लोक पिढ्यान्‌पिढ्या ती योजना चालवतात. १९६६ ला आजवरची सर्वोत्तम मालिका म्हणून तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. नंतर १९८२ ला असिमोव्ह परत या मालिकेकडे वळला, आणखी लिहिलं, १९९२ ला गेला, आणि शेवटचं पुस्तक १९९३ ला आलं. पण हजार वर्षांपैकी साधारण पाचशेच वर्षांची गोष्ट सांगून झाली. पुढची पाचशे तशीच राहिली.

मग असिमोव्हच्या वारसांच्या परवानगीनं तीन लेखकांनी एकेक कादंबरी लिहिली. १९९७ ला ग्रेगरी बेनफर्ड, १९९८ ला ग्रेग बेअर, १९९९ ला डेव्हिड ब्रिन. तिघंही कच्चे नव्हते, आधीपासून नावाजलेले लेखक. तरी वाचकांत सरळ दोन तट पडले ते आजही आहेत.

दादाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत (बांधी म्हणजे धानाचं शेत, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं), "मेल्या माणसाच्या बांधीत आपले पऱ्हे रोवणं होय हे. तुले रोवाचे हायेत तं आपल्या बांधीत रोव ना."

आणि बेनफर्डच्या बाबतीत मला दादाचंच बरोबर वाटते हे मी इथं उघड लिहितो. असिमोव्हची यानं हायपरस्पेसमधून उडी मारून जातात, इथं एकदम वर्महोल, म्हणजे अवकाशातले बोगदे, आले. व्हॉल्टेअर आणि जोन ऑफ आर्क यांच्या संगणकातल्या प्रतिकृती पानंच्या पानं आपसात बोलत बसतात. सेल्डन आणि त्याची बायको डॉर्स यांची मनं चिंपांझींच्या शरीरात जातात आणि तिथं एक लांबलचक प्रकरण घडते. वेगळं पुस्तक असतं तर मी आवडीनं वाचलं असतं कदाचित. पण हा सेल्डन माझ्या ओळखीचा नाही. मी ते पुस्तक दोनदा अर्ध्यात ठेवलं आणि तिसऱ्यांदा नेटानं संपवलं.

त्या रात्री दादानं एकनाथांचा दाखला दिला. त्याच्याकडे ज्ञानेश्वरीचं पारायण असते. १५८४ ला नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालेल त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजावं. दादा म्हणाला, "आता बोल. नाथाईनंच सांगतलं."

मी थोडा वेळ गप्पच बसलो, कारण दाखला जबरदस्त होता. पण मग मला गावबा आठवला. नाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडात चव्वेचाळीसाव्या अध्यायापर्यंत आलं आणि नाथ गेले, पुढचं त्यांच्या शिष्यानं, गावबानं पूर्ण केलं. लोक ते रामायण नाथांचं म्हणूनच वाचतात, अर्ध्यात आणून थांबत नाहीत. म्हणजे पूर्ण झालेल्या ताटात काही आणून ठेवायचं नाही, पण अर्ध्यात राहिलेलं काम पुढं न्यायला हरकत नाही, हा फरक आपल्या लोकांना केव्हाचाच माहीत आहे. आणि नव्या लेखकांबद्दल आपण जे भांडतो त्यात हाच फरक कोणी करत नाही याचं मला वाईट वाटते. एक जण म्हणतो सगळं टाकाऊ, दुसरा म्हणतो मिळते ते वाचा.

याच हिशोबानं पाहा. फाउंडेशनमध्ये अर्ध्यात राहिली होती ती पुढची पाचशे वर्षं. तिकडं तिघांपैकी कोणी गेलंच नाही, तिघंही सेल्डनच्या आयुष्यात शिरले, जिथं असिमोव्हनं स्वतः दोन कादंबऱ्या लिहून ताट भरून ठेवलं होतं. ड्यून या दुसऱ्या विज्ञानकथा मालिकेचं उलटं झालं. फ्रँक हर्बर्टचं शेवटचं पुस्तक १९८५ ला आलं, दुसऱ्या वर्षी तो गेला, आणि गोष्ट ऐन अडचणीच्या जागी थांबली, यान अनोळखी अवकाशात निघून गेलं आणि ते पाहणारं एक गूढ म्हातारं जोडपं. हे पूर्ण करायला हक्कानं कोणीतरी पाहिजेच होतं. त्याचा मुलगा ब्रायन आणि केव्हिन अँडरसन यांनी २००६ आणि २००७ ला दोन पुस्तकांत ते पूर्ण केलं, हर्बर्टचा आराखडा बँकेच्या लॉकरमध्ये सापडला असंही सांगितलं, पण ते जोडपं कोण निघालं तर यांनीच आधीच्या प्रीक्वेलमध्ये तयार केलेली यंत्रं! वीस वर्षं वाट पाहणाऱ्या वाचकाला राग येणार नाही का. हर्बर्टच्या कोड्यात यांनी आपल्या घरची किल्ली घातली असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटते.

पण ब्रिनचं तसं नाही, आणि मी दरवर्षी दादाशी भांडतो ते या एका पुस्तकासाठी. (बेअरचं पुस्तक चांगलं आहे, सेल्डनच्या खटल्याचा भाग मला आवडला, पण त्याच्यासाठी मी रात्र जागणार नाही.) ब्रिनही सेल्डनच्याच काळात बसून लिहितो, म्हातारा, थकलेला, योजनेचं काम संपवून रिकामा झालेला सेल्डन. पण तो तिथून पुढं पाहतो. असिमोव्हनं नंतरच्या पुस्तकांत असं वळण घेतलं होतं की सगळी आकाशगंगा मिळून एकच मन होणार, गॅलेक्झिया, म्हणजे मग फाउंडेशनच्या योजनेला अर्थच उरत नाही. खूप वाचक त्यानं नाराज झाले होते, आणि हे तर मूळ लेखकानंच केलं होतं. ब्रिननं काय केलं, तर असिमोव्हच्या पहिल्याच पुस्तकातली एक टीप घेतली. प्रकरणांच्या सुरुवातीला एका काल्पनिक ज्ञानकोशातले उतारे आहेत ना, त्यांच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे की हे उतारे फाउंडेशन सन १०२० च्या (म्हणजे फाउंडेशन सुरू झाल्यापासून मोजलेल्या वर्षाच्या) ११६ व्या आवृत्तीतून घेतले. हजार वर्षं संपल्यावरही ज्ञानकोश निघून राहिला! सगळ्यांचं एकच मन झालं असतं तर ज्ञानकोश कोणी कोणासाठी छापला असता? ब्रिनच्या पुस्तकाच्या शेवटी सेल्डन आणि ते एकच मन घडवू पाहणारा रोबो डॅनील यांच्यात यावरच पैज लागते. मी ते पान वाचून पुस्तक मिटवलं आणि बांधीच्या धुऱ्यावर तसाच बसून राहिलो. उत्तर तो देतच नाही. असिमोव्हनंच लिहून ठेवलेल्या दोन ओळी उचलून बंद झालेला प्रश्न त्यानं परत उघडला. याला मी नरोटी म्हणणार नाही.

आणि या मालिकेच्या आतच हे सगळं आहे की. दुसऱ्या, गुप्त फाउंडेशनचे लोक सेल्डनची समीकरणं भिंतीवर पाहतात, त्यात सेल्डनचं ते काळ्या शाईत आणि नंतरच्यांनी घातलेली भर लाल शाईत. ज्याला त्यांच्यात बसायचं आहे त्याला आपली लाल ओळ द्यावी लागते, आणि ती काळ्यात बसते की नाही हे तपासलं जाते. काळं पुसायचं नाही. म्यूल, म्हणजे सेल्डनची योजना मोडणारं पात्र, ज्याच्यामुळे आपण सगळे या मालिकेवर जीव टाकतो, तोसुद्धा संपादक कॅम्पबेलच्या आग्रहामुळे आला, असिमोव्हला आधी योजना मोडायचीच नव्हती.

दुपारी मंडईत दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, पाहिली त्याचंही सांगतो. आमच्याकडे जे म्हातारे गण म्हणायचे ते गेल्यावर त्यांचा पुतण्या उभा राहिला. पहिल्या वर्षी त्यानं हुबेहूब काकासारखं म्हटलं, बाया रडल्या. दुसऱ्या वर्षी तसंच म्हटलं तर माणसं उठून चहाच्या ठेल्यावर गेली. यंदा चाल तीच, ढोलकीचा ठेका तोच, पण शब्दांत वाघ आला, कापणीच्या वेळी बांधीत जायची भीती आली. दोन-तीन म्हातारे म्हणाले हे आपलं नव्हे. पण कोणी उठलं नाही. दादा माझ्या बाजूलाच बसला होता आणि तोही उठला नाही, हे मी त्याला रात्री सांगितलं तेव्हा तो चिडला.

माझ्या पुतणीनं फाउंडेशन मोबाईलवर सिरीज म्हणून पाहिलं, २०२१ ला सुरू झाली ती. सॅल्व्हर हार्डिन, जो पुस्तकात पुरुष आहे, तिच्यासाठी बाईच आहे. त्याच्यावर दादा काय बोलला ते इथं लिहीत नाही, पण पोरीनं त्यानंतर पहिला भाग वाचायला मागितला हे मात्र लिहितो.

दुसऱ्या दिवशी निघताना मी ब्रिनचं पुस्तक दादाच्या थैलीत टाकलं. तो काढून ठेवेल असं वाटलं होतं, त्यानं काही काढलं नाही. "धान चुरणं झाल्यावर पाहतो," एवढंच म्हणाला.

काल रात्री फोन आला. ना रामराम, ना घरचं विचारलं, सरळ म्हणाला, "ते १०२० सालचं आपल्या पहिल्या भागात कुठी लिहून हाये? पाह्य बरं." मी पेटीतून पुस्तक काढलं, सुरुवातीचीच पानं, टीप सापडली, आणि त्याला वाचून दाखवली. टिपेतल्या एका शब्दावर त्याच्याच बारीक पेन्सिलनं लिहिलं होतं, आवृत्ती.