पीएच.डी. करायचीय? मग गावात पाऊल ठेवू नका

अर्थशास्त्र, वाणिज्य, समाजकार्य, व्यवस्थापन, विषय कुठलाही असो, आपल्या नावाआधी 'डॉ.' लागावं असं तुम्हाला वाटत असेल तर आधी अभिनंदन. असोसिएट प्रोफेसर व्हायला पीएच.डी. लागतेच, आणि ती नसली की स्टाफरूममध्ये चहासुद्धा शेवटी मिळतो असं ऐकते. मी बँकेत बचत गटांची खाती सांभाळते, त्यामुळे होतकरू संशोधकांची माझ्या टेबलाशी सारखी ये-जा असते. इतकी, की पीएच.डी. कशी करावी हे आता मला गाईडपेक्षा बरं कळतं. चार गोष्टी सांगते. फुकट आहेत, तेव्हा ऐकून घ्या.

विषय शोधायच्या भानगडीत पडू नका, तालुका शोधा. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंध साठवणाऱ्या वेबसाइटवर, दुसऱ्यांचे प्रबंध पडलेले आहेतच. '…जिल्ह्यातील महिला बचत गटांमुळे झालेल्या आर्थिक सक्षमीकरणाचा चिकित्सक अभ्यास' असं एखादं शीर्षक उचला, जिल्हा खोडा, आपला तालुका घाला. महाराष्ट्रात साडेतीनशेच्या वर तालुके आहेत, तुमच्या नातवंडांनाही पुरतील. 'चिकित्सक' हा शब्द मात्र गाळू नका. सगळ्या प्रबंधात चिकित्सा तेवढीच असते.

गृहीतकं तीन पुरेत. बचत गटामुळे महिलांचं उत्पन्न वाढलं, बचत वाढली, निर्णयक्षमता वाढली. तिन्ही पाचव्या प्रकरणात सिद्ध होतात. आजवर माझ्याकडे जेवढे बांधीव प्रबंध 'सप्रेम भेट' म्हणून आले, त्यांत एकाचंही गृहीतक खोटं ठरलेलं नाही. पंचांगवाल्यांना पावसाचं जे जमलं नाही ते आमच्या संशोधकांना बायकांच्या उत्पन्नाचं जमलं.

नमुना ३८४ चा घ्या. का, ते विचारू नका. परीक्षकांनी विचारलंच तर 'क्रेजसी आणि मॉर्गन, १९७०' एवढं म्हणायचं, ते समाधानाने मान हलवतात. या दोघा अमेरिकनांनी एक तक्ता केला. त्यात एकूण संख्या लाख असो नाहीतर दहा लाख, उत्तर ३८४ येतं. तक्ता चुकीचा नाही. पण तो यादृच्छिक नमुन्यासाठी आहे. म्हणजे चिठ्ठी टाकून जिचं नाव निघेल तिच्याकडेच जायचं, मग ती वस्तीवर राहत असो की ऊसतोडीला गेलेली असो. आता एवढं कोण करतं? 'यादृच्छिक पद्धतीने निवड केली' असं लिहा आणि मेहुणीच्या गटापासून सुरुवात करा.

आता प्रश्नावली. इथे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण गेल्या आठवड्यात मला या विषयात प्रत्यक्ष शिक्षण मिळालं.

प्रश्नावली आधी इंग्रजीत कुणाकडून तरी घ्यायची आणि मोबाईलकडून मराठी करून घ्यायची. म्हणजे असे प्रश्न तयार होतात: 'गटात सहभागी झाल्यानंतर कौटुंबिक निर्णयप्रक्रियेतील आपल्या सहभागाच्या पातळीबाबत आपण किती समाधानी आहात?' खाली पाच चौकोन. अत्यंत समाधानी, समाधानी, तटस्थ, असमाधानी, अत्यंत असमाधानी. हा प्रश्न मी काउंटरवर आलेल्या एका गटाच्या सचिवबाईंना वाचून दाखवला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, हे कर्ज द्यायच्या आधी विचारतात का नंतर?"

पुढचा प्रश्न सोपा होता. 'कर्ज घेण्याचा निर्णय कोण घेते?' स्वतः, पती, दोघे मिळून, इतर. त्यावर बाई थोडा वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कर्ज माझ्या नावावर. पैसं मालकांनी बोअरला घातलं. पाणी लागलं न्हाई. हप्ता मी भरते. कुठं टिक करू?"

मीही शोधलं. तो चौकोन नव्हता.

ही प्रश्नावली घेऊन आलेले प्राध्यापक महाशय सज्जन होते. भर गर्दीच्या वेळी आले. एका बाजूला गटांच्या बायका ठरावाची प्रत घेऊन रांगेत, कुणाच्या अध्यक्षांची सही जुळत नव्हती, कुणाला कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून हवी होती, आणि हे टेबलापाशी उभे, काखेत गठ्ठा. आठ पानी प्रश्नावली, ३८४ प्रती. "मॅडम, तुमच्याकडे गटांची नावं आहेतच." मी म्हटलं, गटांच्या बैठका असतात, तुम्ही या, मी ओळख करून देते. ते हसले. "तेवढा वेळ कुठाय? प्री-सबमिशन तोंडावर आलंय. तुम्हीच टिक केलं तरी चालेल." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तोवर त्यांनी एक पाकीट पुढे केलं. आत पेनं होती. निळी, काळी, एक हिरवं. "फक्त पेन बदलत राहा मॅडम, म्हणजे एकाच हाताचं वाटणार नाही. आणि सगळीकडे 'पूर्णतः सहमत' नको, मधेमधे थोडं 'तटस्थ' टाका. डेटा नॅचरल दिसतो."

डेटा नॅचरल दिसतो!

तर प्रश्नावलीबद्दलची सूचना ही, की हिरवं पेन वापरू नका. गावाकडच्या बायका हिरव्या पेनाने लिहीत नाहीत, परीक्षकांना शंका येईल.

पूर्वसाहित्याचा आढावा म्हणजे नावांची यादी. हॅरॉल्ड मॅनचं नाव तेवढं टाका, पुस्तक उघडायची गरज नाही. उघडलंत तर पंचाईत होईल. हा गोरा साहेब पुण्याच्या शेतकी कॉलेजचा प्राचार्य. त्याने आणि सहकाऱ्यांनी पिंपळे सौदागर हे गाव निवडलं. होय, तेच, जिथे आज इंजिनिअर मंडळी दोन बेडरूमच्या फ्लॅटचे हप्ते फेडतात. तिथलं घरन् घर, शेतन् शेत, डोक्यावरचं कर्ज हे सगळं विचारून लिहून काढलं आणि १९१७ मध्ये छापलं. १७७१ मध्ये सरासरी चाळीस एकरांचं असलेलं शेत १९१५ पर्यंत सात एकरांवर आलं, हे त्याला कळलं ते गावात जाऊन आणि जुनी दप्तरं चाळून. त्याच पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा हिशेब मांडला. माणसाला रोज २२५० कॅलरी मिळायला १९६०-६१ च्या भावाने खेड्यात दरमहा पंधरा रुपये लागतात, इथून त्यांची सुरुवात. पुढे त्या रेषेवरून लोकांनी त्यांच्याशी कडाक्याचे वाद घातले. वाद घालता आले, कारण आकडा कुठून आला ते पानावर होतं. तुमच्या प्रबंधाशी कुणी वाद घालणार नाही, त्या बाबतीत निश्चिंत राहा.

विश्लेषण स्वतः करायचं नसतं. विद्यापीठाच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानात चौकशी करा, 'एसपीएसएस करून मिळेल', म्हणजे सॉफ्टवेअरवर आकडेमोड करून मिळेल, असं म्हणणारं कुणीतरी भेटतंच. प्रश्नावली भरवशाची ठरायला क्रोनबॅकचा अल्फा ०.७ च्या वर आणि निष्कर्ष योगायोगाचा नाही असं दिसायला पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली, एवढी ऑर्डर द्यायची.

आणि मूळ फाइल कुणालाही दाखवू नका. हार्वर्डच्या राइनहार्ट आणि रोगॉफ या दोघा नामवंतांनी ती चूक केली. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकासदर कोसळतो, असं त्यांनी २०१० मध्ये लिहिलं आणि युरोप-अमेरिकेतल्या काटकसरवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल शीट मागितली. मागितली आणि त्यांनी ती दिली! सरासरी काढताना पाच देश ओळींतून सुटलेले निघाले, शिवाय आणखी गडबडी होत्या. उणे ०.१ चा दर दुरुस्तीनंतर अधिक २.२ झाला. तुमची शीट मात्र गाईडनेही मागितलेली नाही. मागितली तरी सापडणार नाही, कारण ती झेरॉक्सवाल्याच्या पेन ड्राइव्हमध्ये आहे.

शोधनिबंध छापणं हल्ली अगदी सोपं. पैसे भरा, दोन दिवसांत 'तज्ज्ञांनी तपासलेला' निबंध प्रमाणपत्रासह व्हॉट्सॲपवर येतो. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआयचे गुण मोजायला लागल्यावर या धंद्याला जी बरकत आली, तिची नोंद उद्योगखात्याने घ्यायला हवी होती. मध्यंतरी थोडा त्रास झाला म्हणा. पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धनांनी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्य नियतकालिकांच्या यादीतला एक नमुना तपासला, आणि विद्यापीठांनीच सुचवलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची निघाली. त्याच वर्षी यूजीसीने ४३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढून टाकली. मग २०१९ मध्ये चांगल्या नियतकालिकांची 'केअर' नावाची नवी यादी आली. लगेच तिच्यातल्या नियतकालिकांच्या नावाच्या हुबेहूब नकली वेबसाइटही आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादीच बंद केली. आता चांगलं-वाईट संस्थांनी स्वतः ठरवायचं आहे. म्हणजे ज्यांनी ती ८८ टक्के सुचवली होती, त्यांनीच.

साहित्यचोरीची काळजी नको. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, उरलेलं इंग्रजीतून मराठीत आणा.

शिफारशी कुठल्याही प्रबंधातून घ्या, त्या सगळ्या सारख्याच असतात. 'शासनाने महिलांना विपणनाचे प्रशिक्षण द्यावे.'

मौखिक परीक्षेला पेढे चांगल्या दुकानातले.

एवढं केलंत की झालात डॉक्टर. पण आता सूचना पुरे झाल्या, कारण तो गठ्ठा आणि ती पेनं आठवली की मला उपरोधही सुचत नाही.

अहो, ज्या बायकांच्या नावाने तुम्ही खोट्या खुणा करताय त्या जिवंत आहेत! रोज माझ्यासमोर उभ्या असतात. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली ती जेमतेम पाचशे गट धरून. आज आमच्या भागात गट नसलेली गल्ली सापडत नाही. त्या गटांचं खरंच काय झालं, कुठे भलं झालं, कुठे वाट लागली, हे विचारायची वेळ आहे ही. आणि तुम्ही मला मधेमधे 'तटस्थ' टाकायला सांगता?

एकेका बाईच्या नावावर आमच्या बँकेचं गटाचं कर्ज, शिवाय दोन-तीन मायक्रोफायनान्स कंपन्यांचं. एकीचा हप्ता भरायला दुसरीकडून उचल. वसुलीचा माणूस मोटारसायकल लावून दारात बसतो, आणि एकीचा हप्ता चुकला की उरलेल्या साऱ्याजणींना बसवून ठेवतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केला, की कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असता कामा नयेत. चांगला नियम आहे. पण अर्जावर उत्पन्नाचा आकडा कोण लिहितं? बाई सांगते तो लिहितात, की कर्ज बसेल तो लिहितात? कर्ज काढून घेतलेल्या शिलाई मशीनचं पुढे काय झालं? गट मोडतात ते नेमके कशाने? लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यात यायला लागल्यापासून बचत वाढली की ते पैसे परस्पर हप्त्याला जातात? मला माझ्या टेबलावरून थोडंफार दिसतं, पण मी कारकून आहे. हे नीट मोजून, मांडून, पुराव्यानिशी सांगायचं काम तुमचं आहे. त्यासाठीच तुम्हाला रजा मिळते. कुणाला जेआरएफ या संशोधनवृत्तीचे महिन्याला ३७ हजार मिळतात. कुठल्या पैशातून, ते वाणिज्य शाखेच्या माणसाला सांगायला नको.

मला माहीत आहे, सगळे असे नाहीत. तासिकेवर राबून, फेलोशिप वर्ष-वर्ष अडकलेली असताना, एसटीने गावोगाव फिरून खरी माहिती गोळा करणारी पोरंपोरी मी पाहिली आहेत. त्यातली एक मुलगी आमच्या गटांच्या बैठकांना येऊन कोपऱ्यात नुसती बसायची. पहिले काही दिवस तिने वहीसुद्धा उघडली नाही. बायका आधी तिला सरकारी माणूस समजून गप्प, मग हळूहळू बोलायला लागल्या. तिचा प्रबंध अजून पूर्ण झालेला नाही. तुमचा होईल.

बढतीच्या गुणांसाठी करावं लागतं, सगळेच करतात, व्यवस्थाच तशी, हे मला ऐकवू नका. व्यवस्था वाईट आहे, मान्य. पण खोट्या खुणा करा, असं यूजीसीच्या कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही. ते तुमच्या डोक्यातून आलं. उद्या तुमचा प्रबंध कुठल्या तरी अहवालात संदर्भ म्हणून जाईल, 'महिला सक्षम झाल्या' असं त्यात छापून येईल, आणि बोअरच्या कर्जाचा हप्ता भरणारी ती बाई कागदावर सुखी दिसेल. मग तिच्यासाठी काही करायची कुणाला गरज वाटेल?

गटांच्या बैठका असतात. वार आणि वेळ गटाच्या वहीत लिहिलेली असते, गावात गटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताईंना फोन केला तरी कळते. जा, सतरंजीवर बसा, मोबाईल खिशात ठेवा आणि ऐका. एवढं जमत नसेल तर पीएच.डी. करू नका. तुमच्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.